तेरवीनंतरची मैत्री

१५ जानेवारी २०२६, गुरुवार

काल संक्रांत झाली. यंदा रथसप्तमी २५ तारखेला, म्हणजे हळदीकुंकवाला जेमतेम दीड आठवडा. नागपूरच्या बर्डी बाजारात वाणाच्या वस्तूंचे ढीग लागलेत, आणि घरोघरी एक कुजबुज सुरू झाली आहे: नवरा गेलेल्या मैत्रिणीला बोलवायचं की नाही?

बहुतेकींचा निर्णय न बोलवण्याचा होतो आणि कारण दिलं जातं, "तिलाच वाईट वाटंल न बाप्पा." तिला काय वाटेल हे तिला कोणी विचारत नाही. दुसरा प्रकार म्हणजे "जमलं तर ये, बघ तू" असा अर्धा निरोप. याचा अर्थ ती बरोबर ओळखते आणि येत नाही. तिसरा सगळ्यांत वाईट: "तुझ्यासाठी आपण वेगळ्या दिवशी करू." वेगळा दिवस म्हणजे वेगळी पंगत, हे कळायला फार डोकं लागत नाही.

जमतं ते असं. ग्रुपवर मेसेज टाकून मोकळं व्हायचं नाही, दोन-तीन दिवस आधी फोन करायचा. वार आणि वेळ सांगायची. मग सरळ विचारायचं, "कुंकू लावू का? तू म्हणशील तसं." ती हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर नाही, आणि कारण विचारायचं नाही. काहींना मनापासून नको असतं. त्यांना पुरोगामी करून सोडण्याचा हट्टसुद्धा जाचच आहे. घरात सासूबाई, जाऊबाई असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. पाहुण्या बसल्यावर स्वयंपाकघरात खुणावून चालत नाही. हळद-कुंकवाचं तबक फिरतं ठेवलं आणि प्रत्येकीनं आपलं आपण लावलं, तर दारात अडखळायचा प्रसंग येत नाही. वाण मोजताना तिचं धरून मोजायचं.

यात एक बारीक गोष्ट निसटते. ती आली की पटकन तिच्या हाती तिळगुळाचा डबा किंवा चहाचा ट्रे दिला जातो. तिलाही ते सोपं जातं, हात गुंतले की नजरा टळतात. पण वाढायला उभी राहिलेली बाई त्या घरात पाहुणी राहत नाही. तिला बसू द्या.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. चांगलंच झालं. पण त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटमध्ये कोणाला बोलवायचं हे परिपत्रकानं ठरत नाही. आणि ज्या घरांत हळदीकुंकू होतच नाही तिथे प्रश्न सुटला असंही नाही. तिथे तो बारशाला, किंवा लग्नात नवरीजवळ फोटोला कोणी उभं राहायचं यात डोकं वर काढतो.

१८ जानेवारी, रविवार

तेरवीपर्यंत घर भरलेलं असतं. चपला ठेवायला जागा नसते. पाहुणे परतले की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घर एकदम मोठं वाटायला लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी कागदपत्रांची कामं सुरू होतात. मैत्रिणीची खरी गरज तेव्हा असते. जाताना सगळ्या "काही लागलं तर सांग गं" म्हणून गेलेल्या असतात. तिला सांगता येत नाही, कारण काय लागणार आहे हेच तिला माहीत नसतं. त्यापेक्षा "मंगळवारी अकराला महापालिकेच्या झोन ऑफिसला जायचं आहे, मी खाली येऊन हॉर्न देते" हे बरं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते, उशीर झाला की विलंब शुल्क आणि जास्तीचे कागद. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर नोंदीची माहिती सहसा तिथूनच जाते. तरी नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतं का हे दाखला हातात येताच तपासावं. नंतरची निम्मी धावपळ त्या एका अक्षरामुळे होते. मूळ प्रती आठ-दहा काढाव्यात. बँक, विमा, पीएफ, घराचा कर, वीज मीटर, गाडी, सगळीकडे मागतात.

नवऱ्याचं सिम बंद पडू देऊ नये, रिचार्ज करत राहावं. गॅस, वीज, विम्याचे मेसेज त्याच नंबरवर येत असतात. मात्र "आधी एटीएममधून काढून घे, मग बँकेला सांग" हा सल्ला देणारी मैत्रीण तिला खड्ड्यात ढकलते. खातेदार गेल्यावर त्याच्या कार्डानं पैसे काढणं चूकच, आणि पुढे दीर-सासू विचारतात तेव्हा उत्तर तिला द्यावं लागतं, सल्ला देणारीला नाही.

वारसाहक्काबद्दल तर तोंड उघडण्याआधी दोनदा विचार करावा. बँकेतले पैसे नॉमिनीला मिळतात ते वारसांच्या वतीनं सांभाळायला. तिथे नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६प्रमाणे पुरुषाच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि आई यांचे सारखे हिस्से पडतात. हा कायदा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. म्हणजे सासूचा हिस्सा असतो. सासऱ्यांचा या पहिल्या रांगेत नसतो. "म्हातारीला काहीच देऊ नको" असं छातीठोक सांगून गेलेल्या मैत्रिणी वकिलाच्या ऑफिसात खोट्या पडतात, आणि मग तिचा विश्वास उडतो तो सगळ्याच बाबतीत.

डबा न्यायचा तर घरात जेवढी माणसं तेवढाच, एका जेवणाचा. पातेलंभर गोळाभात नेला तर तो संपवणं हे तिचं काम होऊन बसतं. भांडं परत मागू नये. आणि फेब्रुवारी संपता संपता कूलरचं बघावं. नागपुरात हे काम बहुतेक घरी पुरुष करतात: माळ्यावरून उतरवणं, वाळ्याच्या ताट्या बदलणं, पंप चालू करून पाहणं. पहिल्या उन्हाळ्यात ते राहून जातं आणि एप्रिलमध्ये एका दुपारी तिला रडू कोसळतं. लोकांना वाटतं आठवण आली. आठवण असतेच, पण पंपही बंद असतो.

२० जानेवारी, मंगळवार

भिशीचं लिहायचं राहिलं होतं. बारा जणी, महिना २,००० रुपये, म्हणजे दर महिन्याला एकीला २४,००० रुपये. जिच्या घरी दुःख झालं तिची चिठ्ठी आधीच निघून गेली असेल तर पुढचे हप्ते तिच्या डोक्यावर राहतात. समजा चौथ्या महिन्यात तिनं उचल घेतली, पाचव्यात नवरा गेला: आठ हप्ते, १६,००० रुपये. कोणी मागत नाही, कोणी माफ करत नाही, आणि ती भिशीला यायचंच बंद करते. तिला बोलायला नको झालंय असं मैत्रिणी समजतात. खरं तर तिला पैशांची लाज वाटत असते.

यावर उपाय एकच, तोही लगेच. तिचे पुढचे तीन हप्ते उरलेल्या अकरा जणींनी वाटून भरावेत (६,००० रुपये, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला ५४५ आणि वर काही पैसे, असला हिशोब करत बसू नये, प्रत्येकीनं ५५० द्यावेत, उरलेले ५० चहाचे) आणि वहीत तिच्या नावावर उसने म्हणून लिहावेत. ती रक्कम तिनं शेवटच्या हप्त्यांनंतर फेडायची. माफी देऊ नये. माफी दिली की ती कायमची उपकाराखाली जाते आणि पुढे साडी कोणती नेसली यावरूनही हिशोब होतात. चिठ्ठी निघायची असेल तर तिचा नंबर त्या महिन्यात लावून द्यावा, सगळ्यांची संमती घेऊन. गुपचूप लावू नये, फुटतं.

रात्रीच्या जेवणांचं थोडक्यात. जोडप्यांच्या ग्रुपमधून ती आपोआप दुपारच्या चहावर ढकलली जाते. तिला रात्रीही बोलवावं. खुर्च्या सम संख्येतच लागतात असं कुठे आहे? फक्त दहा वाजता तिला घरी सोडायला नवरा-बायको दोघांनी जावं. एकटा नवरा सोडायला गेला की लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, तोंडं सुरू होतात, आणि ती तोंडं बंद करण्याची ताकद तिच्यात त्या वर्षी नसते.

२४ जानेवारी, शनिवार

आता अवघड भाग. दुःखात पाठ फिरवणाऱ्या मैत्रिणींबद्दल सगळे बोलतात. त्यांचं सोपं असतं: वर्षानंतरही एक सरळ वाक्य पुरतं, "मी आले नाही, धीर झाला नाही. शनिवारी चार वाजता येऊ?" पुढे स्पष्टीकरणाची लांबण नको. ही मैत्री बऱ्याचदा सांधते.

तुटते ती रोज येणारीची. तिच्याकडे घराची जादा किल्ली असते, फोनमध्ये आधारचे फोटो, बँकेचा पासवर्ड, मुलाच्या शाळेच्या फीची तारीख. सहा-आठ महिने ती या घराची कारभारीण असते. मग घरातली बाई सावरते. अ‍ॅक्टिव्हा शिकते, नोकरी धरते, एखाद्या माणसाशी बोलायला लागते. आणि कारभारणीला हे तिसऱ्याच कोणाकडून कळतं. "माझ्यापासून लपवलं!" हा घाव खोल जातो. पण लपवण्याचं कारण साधं असतं. जिनं आपल्याला जमिनीवर बसून रडताना पाहिलं, तिच्यासमोर हसत "मला कोणी आवडलंय" म्हणणं सगळ्यांत कठीण. त्यातून कारभारणीचा नवरा गेलेल्याचा मित्र असेल तर आणखीच. त्या घरात गेलेल्या माणसाची बाजू घेणारे जास्त.

म्हणून कामं परत करायची असतात, आणि सुरुवात मदत करणारीनं करायची. दुसरीला ते कृतघ्नपणाचं वाटतं, ती कधीच म्हणणार नाही. वर्षश्राद्धाची वाट पाहू नये; चौथ्या-पाचव्या महिन्यापासून एकेक काम सोडावं. "सोमवारपासून बँकेत तूच जा, अडलं तर फोन कर." पुढच्या महिन्यात शाळेची फी. मग फाईल परत, अनुक्रमणिका लावून. किल्ली परत. फोनमधले कागदांचे फोटो तिच्यासमोर पुसून टाकावेत आणि पासवर्ड तिला बदलायला लावावा. गाडी शिकवायची असेल तर सकाळी सहा ते सात, नव्या लेआउटच्या रिकाम्या रस्त्यावर. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. नागपुरात तोंडाला दुपट्टा बांधून गाडीवर निघालेली बाई ही रोजची गोष्ट आहे. ज्या दिवशी ती स्वतः गाडी काढून मैत्रिणीच्या दारात येते त्या दिवसापासून येणं-जाणं दोन्हीकडून होतं. तोवर ते एकाच बाजूनं असतं, आणि एका बाजूच्या येण्याजाण्यात हुकूम शिरतोच.

दोघीही एकट्या असतील तर आणखी गुंतागुंत. दोघींचे नवरे एकाच वर्षी गेलेले, दोघी मिळून तेलंगखेडीला फिरायला जाणाऱ्या, आणि त्यातली एक लग्न करते. मागे राहिलेलीला राग येतो, त्या रागाची लाज वाटते, आणि दोन्हींचं मिळून टोमणा होतो: "तुझं बरं आहे माय, लवकर विसरली." असला शब्द परत घेता येत नाही. त्याऐवजी "मला चांगलं वाटून राहिलं अन् वाईटबी" एवढं खरं बोललेलं चालतं. नव्या नवऱ्याची तुलना पहिल्याशी तिच्यासमोर करू नये, कौतुकानंही नाही.

"करून टाक लग्न" म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. नवरा खासगी नोकरीत होता आणि ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफसोबतच्या योजनेची, पेन्शन तिला मिळत असेल तर पुनर्विवाहानंतर ती थांबते. पहिल्या नवऱ्याकडून वारशानं मिळालेला हिस्सा मात्र तिचाच राहतो. दुसरं लग्न केलं म्हणून तो काढून घेता येत नाही. सासरचे उलट सांगतात, आणि मैत्रिणी त्याला मान डोलावतात.

२७ जानेवारी, मंगळवार

विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते आणि ३० दिवस थांबावं लागतं. दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी ३० दिवस राहिलेलं असावं. पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला पुन्हा लागतो, म्हणून त्या आठ-दहा प्रतींतली एक जपून ठेवलेली बरी. साक्षीदार तीन. मैत्रिणीला साक्षीदार व्हायला सांगायचं असेल तर नोटीस लागण्याआधी सांगावं. नोटीस ऑफिसच्या फळ्यावर लागते, कोणाच्या तरी नजरेला पडते, आणि पुन्हा बातमी तिसऱ्याकडून जाते. मैत्रीण नाही म्हणाली तर तेही मान्य करावं. ती जेवायला येईल, सही करणार नाही, इतपत वेळ काहींना लागतो.

लग्नानंतर ती पुण्याला किंवा हैदराबादला गेली तर भिशीचं काय, हा प्रश्न उरतो. हप्ता यूपीआयनं येऊ शकतो, चिठ्ठी कोणीतरी उचलू शकते. पण नाव चालू ठेवायचं का हे तिला विचारा, गृहीत धरू नका. चालू ठेवलं तर तिच्या वतीनं चिठ्ठी कोण उचलणार आणि निघालेली रक्कम किती दिवसांत पाठवायची, हे वहीत लिहून दोघींच्या सह्या घ्या.