वावरातली केबल चोरीला गेली, तेव्हा काय काय करावं लागलं

गेल्या वर्षीची, म्हणजे जानेवारी 2025 ची गोष्ट आहे. संक्रांत होऊन दोनच दिवस झाले होते. आमचं वावर, म्हणजे शेत, नागपूरहून काटोल रोडने निघालं की लागणाऱ्या संत्रा पट्ट्यात. तीन एकरांत सव्वातीनशे झाडं, सगळी आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना फुलणारी. डिसेंबरपासून बगिचा ताणावर सोडला होता, म्हणजे पाणी बंद ठेवलं होतं, आणि त्याच आठवड्यात ताण तोडून पहिलं हलकं पाणी दिलं होतं. संत्रा लावणाऱ्याला सांगायला नको, यानंतरचं दुसरं पाणी वेळेवर पडलं नाही तर फूट एकसारखी येत नाही आणि आलेलं फूलही टिकत नाही. वर्षाचा हिशेब त्या चार-सहा दिवसांत ठरतो.

17 तारखेला, शुक्रवारी, सकाळी लाईट यायच्या वेळेला विहिरीवर गेलो. स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडं होतं. पेटीतून निघणारी केबल वीतभर लटकत होती, टोक एकदम साफ कापलेलं. विहिरीच्या काठावरही तसंच. मधली सगळी गायब. डीपीजवळच्या पेटीपासून विहिरीपर्यंत धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने गेलेली 240 फूट तीन कोरची तांब्याची केबल होती ती. मोटर विहिरीत तशीच होती, ती काढायला दोरखंड आणि चार माणसं लागतात. केबलला एक कटर पुरतो.

त्या आठवड्यात आमच्या फीडरला, म्हणजे शिवाराला लाईट देणाऱ्या लाईनला, दिवसाची पाळी होती. म्हणजे रात्री थ्री फेज बंद, म्हणजे केबल मेलेली, म्हणजे कापायला धोका नाही. लाईटचं वेळापत्रक चोराला आमच्याइतकंच पाठ होतं. हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण हे काम दूरवरून आलेल्या अनोळखी माणसाचं नव्हे.

थोड्या वेळात शेजारचे काका धुऱ्यावरून ओरडत आले. "माह्यीबी नेली रे भाऊ!" त्यांची 110 फूट गेली होती. पलीकडच्या वावरातून एका कास्तकाराचा स्टार्टर आणि तुषार संचाच्या पितळी नोझल गेल्या होत्या. एकाच रात्री तीन वावरं.

काका म्हणाले, "ठाण्यात जाऊन काय होते? मागच्या साली सोयाबीनचे पोते गेले, काय भेटलं?" हे वाक्य मी गावात शंभरदा ऐकलं आहे आणि स्वतःही म्हटलं आहे. कापसाची बोंडं रात्रीतून वेचून नेली, झाडावरची संत्री उतरवून नेली, बकऱ्या नेल्या, ठिबकच्या नळ्या गुंडाळून नेल्या. गाव हळहळतं, दोन रात्री जागल होते, तिसऱ्या रात्री सगळे झोपतात. तक्रार कोणीच करत नाही. मग कागदावर आमच्या शिवारात चोरीच होत नाही आणि गस्तीची गाडी आमच्या पांधणीकडे वळायचं कारणही उरत नाही. मला हे फार लागलं. या वेळी जायचंच, असं ठरवून पोलीस पाटलांना सोबत घेतलं.

ठाणं कुठलं ते लिहीत नाही. तिथल्या हवालदारांनी नीट बसवून घेतलं, ऐकलं आणि म्हणाले, "अर्ज देऊन जा, चौकशी करतो." मी अर्ज लिहिला. पोलीस पाटलांनी कानात सांगितलं, पोच घ्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. तोवर मला वाटत होतं की तक्रार झाली. रात्री वकिली करणाऱ्या पुतण्याला नागपूरला फोन केला तेव्हा कळलं, हा नुसता अर्ज आहे. गुन्हा नोंद झालेला नाही.

त्याने फोनवर जे समजावलं, ते माझ्यासारख्या कास्तकाराला माहीत असायलाच पाहिजे.

1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरीचं कलम आता 303(2). चोरीला गेलेल्या मालाची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे एनसी, नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतात, आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपास करता येत नाही. किंमत 5,000 किंवा त्याहून जास्त असेल तर गुन्हा दखलपात्र, एफआयआर नोंदवावाच लागतो. आता हवालदार दुपारी सहज काय म्हणाले होते ते मला आठवलं. "जुनी केबल आहे, घसारा धरून चार हजार लिहू." तेव्हा मी मान हलवली होती. त्या एका आकड्यावर सगळं अडलेलं होतं.

पुतण्याने दोन कामं सांगितली. बिल शोध. आणि तिन्ही वावरांची तक्रार एकत्र दे.

बिल शोधायला अर्धी रात्र गेली. बायकोने लोखंडी पेटी उपसली, सातबारा, बँकेची पासबुकं, मुलीच्या शाळेचे दाखले सगळं खाटेवर पसरलं. बिल सापडलं ते खताच्या पावत्यांच्या पुडक्यात. 2022 चं, 300 फूट, 13,200 रुपये. फुटाला 44 रुपये. त्यातली 60 फूट मोटरसोबत विहिरीत शिल्लक, म्हणजे गेलेल्या 240 फुटांची किंमत 10,560 होते. ते फिकट झालेलं बिल हातात आलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आता तरी ऐकतील ना?" नागपूरच्या एखाद्या दुकानातून घेतलेल्या मालाचं बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडून त्याची दुसरी प्रत मागता येते, हे मला नंतर कळलं. विचारायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची ठरली. काकांचं नुकसान 3,800 चं, तिसऱ्याचं अडीच हजारांचं. वेगवेगळे गेलो असतो तर त्या दोघांच्या एनसी झाल्या असत्या आणि तपास फक्त माझ्या केबलीचा झाला असता. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम 174 मध्ये असं आहे की एका प्रकरणात दोन किंवा जास्त गुन्हे असतील आणि त्यातला एकही दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. एकच रात्र, एकच शिवार, कापण्याची एकच पद्धत.

शनिवारी आम्ही तिघं एकत्र ठाण्यात गेलो. ठाणेदारांना भेटायची परवानगी मागितली. तासभर थांबलो. आत गेल्यावर मी बिल पुढे ठेवलं आणि जमेल तसं सांगितलं. घाम फुटला होता, खोटं काय सांगू. ठाणेदारांनी बिल उलटून-पालटून पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि विचारलं, "तिघांचीही एकाच रात्री गेली?" काका म्हणाले, "होय ना जी." ठाणेदार हवालदारांना म्हणाले, "लिहून घ्या." घसारा वजा जाऊन माझ्या केबलीची किंमत 8,500 धरली. कलम 303(2) खाली गुन्हा नोंद झाला. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत द्यायची असते. ती मी मागून घेतली आणि वाचून सही केली. फुटांचा आकडा चुकून 140 पडला होता, तो तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतला.

नोंद करायला नकार मिळाला असता तर? मग याच सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तीच तक्रार लेखी, पोस्टाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. आमच्यावर ती वेळ आली नाही. पण पोच घेतलेली ती अर्जाची प्रत मी त्यासाठीच जपून ठेवली होती.

खरा जीव खाल्ला तो पंचनाम्याने. "पंचनामा होईस्तोवर जागेला हात लावू नका," असं बजावलं होतं, आणि बगिचा दुसऱ्या पाण्यासाठी टांगलेला. शुक्रवार गेला, शनिवार गेला. झाडांखालून फिरताना काड्यांच्या डोळ्यांवर कोवळी फूट दिसत होती आणि माझ्या हातात पाणी नव्हतं. आई दर तासाला विचारायची, "आले का पोलीस?" रविवारी सकाळी हवालदार आले. दोन पंच, पोलीस पाटील, चतुःसीमा, कापलेल्या टोकांचे फोटो, धुऱ्यावरच्या चपलांच्या खुणा. पंचनामा लिहीत असताना हवालदारांनी विचारलं, "केबलीची काही ओळख?"

आणि मला आठवलं. आंब्याच्या झाडापाशी घुशीनं केबल कुरतडली होती तेव्हा मी तिथे जोड मारला होता. आधी लाल टेप आणि त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, तिच्यावर पिवळ्या नायलॉन दोरीच्या तीन गाठी. मी ते शब्दशः लिहून घ्यायला लावलं. हवालदारांनी "ट्यूबची पट्टी" दोनदा विचारून लिहिलं.

तालुक्याच्या दुकानातून नवी केबल उधारीवर आणून ठेवलीच होती. फुटाला तोवर 54 रुपये झाले होते. सोमवारी सकाळी लाईट आली आणि पाणी सुरू झालं. तीन दिवस उशीर. ओढ्याकडच्या हलक्या जमिनीतल्या पन्नासेक झाडांना फूट फार विरळ आली, ती शेवटपर्यंत भरली नाही. या नुकसानीचं कोणी काही देत नाही. पीकविम्यात चोरी बसत नाही.

मग तीन महिने काहीच नाही. तपासात काय झालं ते पोलिसांनी फिर्यादीला 90 दिवसांत कळवायचं असतं, हे सुरक्षा संहितेच्या कलम 193 मध्ये आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी गुन्ह्याचा नंबर घालून एक साधा अर्ज दिला, पुन्हा पोच घेतली. भांडलो नाही. मे महिन्यात फोन आला, "या, माल ओळखायचा आहे."

शेजारच्या तालुक्यात तिघं पकडले गेले होते. नाल्याच्या काठी केबली जाळून तांबं काढायचे आणि एका कबाड्याला विकायचे. कबाड्यावरही चोरीचा माल घेतल्याचं, न्याय संहितेचं कलम 317 लागलं. बरंचसं तांबं आधीच गेलं होतं. न जाळलेली काही बंडलं मात्र सापडली. ठाण्याच्या मागच्या खोलीत फरशीवर दहा-बारा वेटोळी पडलेली होती, सगळी काळी, सगळी सारखी. मी एकेक उचलून हातावरून फिरवत गेलो. सातव्या वेटोळ्यात बोटाला गाठ लागली. पिवळी दोरी, मातीने काळी पडलेली, आणि खाली ट्यूबची पट्टी. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. पंचनाम्याचा कागद काढून साहेबांनी मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "ओळख पटली." साधारण 90 फूट होती.

काकांची काही सापडली नाही. सापडली असती तरी ओळखायला खूण नव्हती. ते बंडलांकडे पाहत उभे होते, मग म्हणाले, "चाल, तुह्यी तरी भेटली."

माल लगेच हातात मिळत नाही, तो मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा असतो. सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, सोबत बिल, एफआयआर आणि आधार कार्ड. पोलिसांचं म्हणणं आलं, दोन तारखा झाल्या, बंधपत्र लिहून दिलं आणि सुपूर्दनाम्यावर केबल ताब्यात मिळाली. विकायची नाही, तिच्यात फेरबदल करायचा नाही, कोर्टाने बोलावलं की हजर करायची.

नवी केबल आता पाईपात घालून धुऱ्याखाली पुरली आहे आणि दर दहा फुटांवर पांढऱ्या ऑइल पेंटने खूण केली आहे. काकांनीही केली. त्यांच्या नव्या केबलीचं बिल ते माझ्याकडे आणून देऊन गेले, आमच्या लोखंडी पेटीत ठेवायला. जुनी 90 फूट गोठ्यात खुंटीला टांगलेली आहे, मुद्देमालाची चिठ्ठी तशीच बांधलेली. पुढची तारीख आली की ती घेऊन जायचं आहे.