शिट्टी सापडली आहे

मंगळवारी दुपारी ओट्याखालचा खण आवरत होतो. आवरत होतो म्हणजे, चहाची गाळणी शोधत होतो आणि ती सापडेना म्हणून सगळा खण जमिनीवर आला होता. त्या पसाऱ्यात कुकरची एक शिट्टी निघाली. आमच्या कुठल्याच कुकरला न बसणारी. तिचा कुकर कधीच मोडीत गेला असणार, ही मागे राहिली. अशा वस्तू टाकवत नाहीत. आमच्या घरात न टाकवणाऱ्या वस्तूंचे तीन खण आहेत आणि त्यावरून होणारी भांडणं वेगळी.

तेवढ्यात फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर बी विंगमधून निरोप आला होता, ‘कुणाचा तरी निळा टॉवेल आमच्या ग्रिलवर पडला आहे.’ सोबत फोटो. आमच्याकडे दिवसाआड असं काहीतरी कुणाच्या तरी ग्रिलवर पडतं. टॉवेल, गंजीफ्रॉक, एकदा तर अख्खी उशी. टॉवेलच्या फोटोखाली एकानं हात जोडले आणि दुसऱ्यानं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. फोटो न उघडताच. आता तुम्हीच सांगा, हातात शिट्टी असलेल्या माणसानं काय करावं?

बाहेर गेलो, शिट्टी लिफ्टसमोरच्या खिडकीत ठेवली, फोटो काढला आणि टाकला. ‘ही शिट्टी लिफ्टसमोर सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी.’ खोटं असं त्यात फार नव्हतं. शिट्टी लिफ्टसमोर होतीच. तिथे कुणी ठेवली, ते कुणी विचारलं नाही.

मग घरात येऊन बसलो. थट्टेतला खरा गोड वेळ हा. चाळीत आम्ही दोन रुपयांच्या नोटेला काळा दोरा बांधून ती गॅलरीत टाकायचो आणि दाराआड दोरा धरून बसायचो, तेव्हा छातीत जे व्हायचं तेच थेट पन्नाशीत झालं. फरक एवढाच की तिथे वाकणारी पाठ दिसायची. नोट वीतभर सरकली की पाठीचा मालक एक पाऊल पुढे, नोट आणखी वीतभर मागे, आणि मग तो चेहरा. चेहऱ्यासाठीच तर सगळा खटाटोप. इथे काय, दोन निळ्या टिका.

लालबागला आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. मजल्यावर वीस खोल्या आणि गॅलरीच्या टोकाला एक नळ. पाणी पहाटे चारला यायचं, साडेपाचला जायचं. जो आधी जागा होईल त्यानं ‘पाणी आलं ऽ’ अशी हाळी द्यायची, की पटापट दारं उघडायची. साल १९८३, मे महिना. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, वर्ष उलटून गेलं तरी चालूच. मजल्यावरच्या बाप्यांना पाणी भरणं ही एकच पाळी उरली होती. मी नऊ वर्षांचा. सुट्टीला आलेला मामेभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि अक्कल त्याचीच, हे आजही नमूद करून ठेवतो.

रात्री अडीचला उठलो. घरातून तांब्याभर पाणी नेलं आणि नळाखालच्या रिकाम्या बादलीत उंचावरून धार सोडली. पितळी बादलीत पहिल्या धारेचा जो आवाज होतो त्यानं आमची चाळ मेलेलीसुद्धा उठली असती. मग दोघांनी मिळून हाळी दिली आणि जिन्याखाली पळालो.

वीसच्या वीस दारं उघडली. हंडे, कळशा, पिंपं, एकानं तर घाईत पिठाचा डबा आणलेला. आणि खरी गंमत पुढे. नळ कुणी बघितलाच नाही. आधी नंबरावरून भांडण सुरू झालं. काल कुणाची कळशी मध्ये घुसली, परवा कुणी दोन हंडे जास्त भरले, कुणाच्या सुनेनं काय म्हटलं. चांगली दहा मिनिटं ते रंगलं. शेवटी सात नंबरच्या आजींनी पुढे होऊन चावी फिरवली. नळ नुसता हवेत उसासला. सगळे गप्प. कुणीतरी विचारलं, ‘वाजले किती?’ घड्याळ बघून आलेल्यानं सांगितलं, ‘अडीच वाजून गेले.’ त्या शांततेत जिन्याखाली मामेभाऊ फसकन हसला.

वडिलांनी मारलं नाही. कान धरून वर आणलं, एवढंच. शिक्षा गॅलरीनं सुनावली: महिनाभर पहाटे नळाशी बसायचं आणि पाणी आलं की सगळ्यांना उठवायचं. मामेभाऊ दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं मामाकडे. मी चारला बसलो. नळ खोकला, थुंकला, वाहायला लागला. मी जीव तोडून ओरडलो. एकही दार उघडलं नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट मला त्यानंतर दोन वर्षांनी वाचायला मिळाली आणि त्यात नवीन काहीच वाटलं नाही.

मग मी दारोदार गेलो. आईशप्पथ घेतली, विद्येची घेतली. सात नंबरच्या आजींनी दार बोटभर किलकिलं केलं आणि म्हणाल्या, ‘हात दाखव.’ मी हात पुढे केला. ‘कोरडा आहे. जा, भिजवून आण.’ धावत जाऊन हात भिजवून आणला, त्यांच्या तळहातावर ठेवला, तेव्हा कुठे कळशी बाहेर आली. पुढचा महिनाभर तीच पद्धत पडली. वीस दारं, वीस वेळा ओला हात. त्यातल्या काही जणांचा विश्वास पहिल्या आठवड्यातच परत आला होता, पण सकाळी सकाळी पोराचा गार हात हातात घ्यायची त्यांना सवय लागली होती बहुतेक.

इकडे ग्रुप जागा झाला होता.

सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, ‘आमची असू शकते.’ असू शकते! स्वतःच्या कुकरपर्यंत चार पावलं जायचे कष्ट नकोत. दोघांनी शिट्टीचा खालून फोटो मागितला. एकानं सीसीटीव्ही तपासायला सांगितलं. चेअरमननी कॉमन पॅसेजमध्ये सामान ठेवू नये ही नोटीस पाचव्यांदा टाकली. सेक्रेटरींनी फर्मावलं की शिट्टी वॉचमनकडे जमा करावी आणि आठ दिवसांत मालक न आल्यास कमिटी निर्णय घेईल. कुकर बाहेरच्या झाकणाचा की आतल्या, यावर दोन घरांत जे जुंपलं ते वाचताना मला लालबागची गॅलरी आठवली. नळ कुणी बघतच नव्हतं.

तेव्हा मी लिहिलं, ‘दावेदार जास्त झाल्यामुळे प्रत्येकानं आपल्या कुकरच्या शिट्टीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवावा. जुळवून बघू.’

पाच जणांनी पाठवला. एकीत मागून ‘अगं, गॅस बारीक कर’ ऐकू येतं. एकीत मालिकेचं शीर्षकगीत. चौथ्या मजल्यावर डाळीला अजून सात शिट्ट्या देतात हे त्या दिवशी साऱ्या सोसायटीला कळलं. अर्ध्या तासानं सी विंगमधल्या एका मुलीनं, सातवीत असेल, आईच्या फोनवरून विचारलं, ‘शिट्टी हरवली असेल तर कुकर वाजेल कसा?’ तिला कुणी उत्तर दिलं नाही. दोन वडीलधाऱ्यांनी अंगठा दाखवला.

माझे काही नेम आहेत, ते सांगून टाकतो. ग्रुपवर पाण्याची थट्टा करायची नाही, ते कारण आता तुम्हाला ठाऊक आहे. मुंबईत ‘उद्या पाणी येणार नाही’ एवढं म्हटलं की माणसं चहाच्या कपांतसुद्धा पाणी भरून ठेवतात. दवाखान्याची करायची नाही. चोराची करायची नाही. आणि पोरांची तर नाहीच. अफवेला फोन लागतोच असं नाही, २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला लागला तेव्हा आमच्या अख्ख्या चाळीत मिळून एक फोन होता आणि तरी दुपारपर्यंत देवळाबाहेर वाट्या घेऊन रांग लागली होती. त्यात कुणाचं बिघडलं नाही, फार तर दूध गेलं. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. पोरं पळवणाऱ्यांचे मेसेज त्याआधी फोनाफोनांवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं. पाच ठिकाणी काय, एकाही ठिकाणी कुणी ‘हात दाखव’ म्हणालं नव्हतं.

गावी शिमग्याला होळीसाठी शेजाऱ्याच्या परसातलं लाकूड पळवायचे. शेजारी सकाळी बोंब मारायचा, तीही रीतीतलीच, आणि संध्याकाळी आपलंच लाकूड जळताना बघायला नारळ घेऊन हजर. कुणाचं पळवायचं आणि कुणाचं नाही, हे पोरांना न सांगता कळायचं. ज्याच्या घरी चूल पेटायची मारामार, त्याच्या लाकडाला हात लागत नसे.

असो. शिट्टीचं सांगत होतो.

आमच्या पाचव्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. ग्रुपवर फक्त तक्रारी लिहितात आणि त्यांना अनुक्रमांक घालतात. पार्किंग, कबुतरं, दाराबाहेरच्या चपला. लिफ्टमध्ये भेटले तर आकड्यांकडे बघत उभे. माझी थट्टा नियम क्रमांक अमुकचा भंग असल्याचं पत्र त्यांच्याकडून येणार, अशी मी मनाची तयारी केली होती. दिवसभर काही आलं नाही.

रात्री अकरा चाळीसला त्यांचा व्हॉइस मेसेज आला. सहा सेकंदांचा. मी कानाला लावला. कुकरचा आवाज नव्हताच तो. तोंडानं घातलेली शिट्टी होती. आधी दोन आखूड, मग एक लांबलचक, सुरात, गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल अशी. शेवटी दम पुरला नाही, थोडी हवा निघाली, आणि संपली.

दोन मिनिटांत मेसेज डिलीट. करडी ओळ तेवढी उरली. सकाळी ग्रुपवर कुणी विचारलं नाही. इतक्या रात्री ऐकणारा बहुतेक मी एकटाच.

बुधवारी दूध घेऊन वर जाताना लिफ्टमध्ये भेटले. मी काहीच बोललो नाही. ते आकड्यांकडे बघत होते. तिसरा मजला गेला, चौथा गेला. दार उघडता उघडता म्हणाले, ‘हल्ली पाणी कमी दाबानं येतंय.’

‘हो ना,’ म्हटलं.

शिट्टी वॉचमनकडे जमा आहे. आठ दिवस मंगळवारी भरतायत, बुधवारी कमिटीची बैठक.