हशा ओसरेपर्यंत

पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाची जुनी कॅसेट ऐकताना एकदा विनोद बाजूला ठेवावा आणि कान फक्त मधल्या शांततेकडे लावावा. 'म्हैस' पन्नासदा ऐकून पाठ झालेली असते, पुढचं वाक्य आपणच आधी म्हणतो, तरी हसू येतंच. त्याचं गुपित बरंचसं त्या थांबण्यात आहे.

हशा उसळतो, शिगेला पोचतो, मग ओसरतो. शिगेवर असताना बोललं तर वाक्य बुडतं. पूर्ण ओसरू दिला तर सभागृह गार पडतं आणि पुन्हा पहिल्यापासून चूल पेटवावी लागते. हशा निम्म्यावर आला की उचलायचं, तेही भरतीच्या दोन शब्दांनी. ते ऐकू गेले नाहीत तरी बिघडत नाही. नवखा हमखास चुकतो, कारण शांततेची त्याला भीती वाटते. पुलं पेटीवाले होते. गवय्याला कुठे भरून द्यायचं आणि कुठे बोटं उचलून गप्प बसायचं, हे साथीला बसणाऱ्याला शिकावंच लागतं.

त्यात आपली भाषा अडचणीची. मराठीत क्रियापद शेवटी. 'काका नवी टोपी घालून स्मशानात गेले' यात टोपी मधेच चिरडते. 'काका स्मशानात गेले. नवी टोपी घालून.' आता टोपी समेवर आली. लिहिताना हे सुचत नाही, बोलताना सुचतं.

सिनेमात मात्र हा थांबा नटाच्या हातात राहत नाही. 1953 च्या 'गुळाचा गणपती'त कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायक, सगळीकडे पुलंच होते. पण सेटवर हसायला कोणी नसतं. हसलंच तर टेक वाया. थिएटर किती वेळ हसेल याचा अंदाज संकलकाच्या टेबलावर आधीच बांधायचा. जागा कमी सोडली तर पुढचा संवाद हशात जातो, जास्त सोडली तर नट बावळटासारखा उभा दिसतो. शिवाय भरलेलं थिएटर आणि दुपारचा रिकामा खेळ, दोन्हींसाठी जागा तेवढीच! त्या चित्रपटानंतर ते पडद्याकडे पाठ फिरवून निघाले, याचं मला तरी नवल वाटत नाही.

1955 साली ते आकाशवाणीत गेले. तिथे तर समोर काच आणि लाल दिवा. रंगमंचावरचा लांब विराम रेडिओवर बिघाड वाटतो. ऐकणारा उठून बटण पिरगाळतो. भुवई उंचावून उपयोग नाही, ती भुवई आवाजात आणावी लागते. 'प', 'फ' जोरात फुटू नयेत म्हणून तोंड माइकपासून किंचित तिरकं, कागद सुटे, पान उलटायचं नाही, अलगद सरकवायचं. मायक्रोफोनला ओरडलेलं चालत नाही, त्याच्याशी बोलावं लागतं.

पुढे 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी करताना रेडिओची ही शिदोरी कामी आली असणार. वेष न बदलता अख्खी चाळ: कोणी नाकात बोलणारा, कोणी शब्द चावणारा. पात्र बदललं हे प्रेक्षकाला पहिल्या दोन शब्दांत कळलं पाहिजे, नाहीतर विनोद कोणाचा हेच समजत नाही. आणि इथे समोर माणसं होती, थांबा पुन्हा हातात आला होता. आज कॅसेटवरून उतरवलेल्या फाइली फोनवर फिरतात. त्यातला हशा काही वेळा कोणीतरी 'गोंगाट' समजून साफ करतो, आणि मग पुलं उगाचच थांबल्यासारखे वाटतात.