आठ महिन्यांचा डावरा

"आजोबांवर गेलाय, पक्का डावरा!" बाबा कौतुकानं सांगत होते. आले होते खरं तर सर्दीसाठी. आठ महिन्यांचं गुटगुटीत बाळ आईच्या मांडीवरून माझा स्टेथोस्कोप डाव्या हातानं ओढत होतं.

इतक्या लहानपणी कुणी डावरं नसतं, उजवंही नसतं. वर्षाच्या आत मूल दोन्ही हात जवळपास सारखेच चालवतं. एक हात पक्का ठरायला दीड-दोन वर्षं तरी जातात.

मी खुळखुळा मुद्दाम उजवीकडे धरला. बाळानं सगळं अंग वळवलं आणि डावा हात छातीवरून पलीकडे नेऊन तो पकडला. मग मी डावा हात हलकेच धरून ठेवला. बाळ रडायला लागलं, पण उजवा पुढे येईना. कोपरात दुमडलेला, मूठ आवळलेली, अंगठा आत. बोटं एकेक करून सोडवली, तर तळव्याच्या घडीत कपड्याची लव साचलेली.

"आंघोळीला ती मूठ उघडतच नाही, डॉक्टर. मला वाटलं, हट्टी आहे," आई म्हणाली.

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात जुना डाग निघाला. जन्माच्या आगेमागे कधीतरी तिथला रक्तपुरवठा तुटला होता. शरीराची उजवी बाजू चालवतो तोच भाग.

पुढच्या वेळी बाबा रात्रभर वाचून आले होते. डावऱ्यांना अमुक आजार, तमुक आजार, आयुष्यही कमी. "डावरेपणामुळेच झालं का हे?"

नेमकं उलटं. आधी इजा, मग उजवा हात मागे पडला, म्हणून डावा पुढे. आणि ते आयुष्याचं? १९९१ मध्ये कोरेन आणि हाल्पर्न या मानसशास्त्रज्ञांनी डावरे सरासरी नऊ वर्षं आधी जातात असं मांडलं खरं, पण जुन्या पिढीतल्या डावऱ्यांना बळजबरीनं उजवं केलेलं असायचं. म्हाताऱ्यांत डावरे कमी दिसणारच, म्हणून त्यांचं सरासरी वयही खाली येतं. मी विचारलं, "आजोबांचं वय काय?"

"ब्याऐंशी." पहिल्यांदाच हसले.

फिजिओथेरपिस्टनं रोज खेळताना थोडा वेळ डाव्या हाताला मोजा घालायला सांगितलं. पठ्ठ्यानं तो दातांनी ओढून काढला. मग मोजा मनगटाशी बांधायची वेळ आली. दोन महिन्यांनी आईनं फोनवर व्हिडिओ दाखवला: उजवी मूठ डब्यावर आपटतेय, आणि अंगठा बाहेर.