फ्लशची बाटली अजून सीलबंद : २२ वर्षांच्या इंजिनची सहा हजार किलोमीटरची नोंद

१,४८,२१० किमी

गाडी घेऊन आठवडा झाला. २२ वर्षांची, १.३ लिटरचं चार सिलेंडर पेट्रोल इंजिन. आधीच्या मालकांनी ऑइल कधी बदललं, कोणतं टाकलं, याचा एकही कागद नाही. सकाळच्या पहिल्या स्टार्टला वरून टकटक येते. घड्याळ लावून मोजली तर १८ ते २० सेकंद, मग शांत. हायड्रॉलिक लिफ्टर (व्हॉल्व्ह उघडणारे, ऑइलच्या दाबावर चालणारे भाग) रात्रीतून रिकामे होतात आणि ऑइल पोहोचायला वेळ लागतो, असा अंदाज. ऑइल भरायचं झाकण काढून आत बोट फिरवलं तर बोटाला काळा, मेणासारखा थर लागला.

इंजिन फ्लशची, म्हणजे आतला गाळ सोडवणाऱ्या रसायनाची, बाटली गाडीबरोबरच आणून ठेवली होती. जुन्या ऑइलमध्ये ओतायची, दहा मिनिटं इंजिन आयडलवर ठेवायचं, गरम असतानाच ऑइल काढायचं, फिल्टर बदलायचा, नवं ऑइल भरायचं. अर्ध्या तासाचं काम.

तरी हात आखडला. आधीच्या डिझेल गाडीत मी हेच केलं होतं, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे, एक मिनिटही जास्त न चालवता. नव्या ऑइलवर जेमतेम ४० किमी झाले आणि चढावर ऑइलचा लाल दिवा लागला. तिथल्या तिथे इंजिन बंद केलं, पण खोलल्यावर दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमधलं तांबं उघडं पडलेलं दिसलं. चेंबरमधली (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं) जाळी काळ्या लगद्याने भरली होती. आत गाळ किती आहे हे न बघता मी बाटली ओतली होती. या गाडीत आधी बघायचं, मग ठरवायचं.

१,४८,२६० किमी

टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरचं झाकण, उघडलं. कॅमशाफ्टच्या कडेच्या खोलगट जागांमध्ये गाळ साचलेला, कुठे २ मिलीमीटर, मागच्या कोपऱ्यात बोटाच्या पेरभर. वरचा थर मऊ, चिकट. खालचा मात्र कोरडा आणि ठिसूळ, नखाने उचकटला की खपली निघावी तसा तुकडा निघतो. हा फरक महत्त्वाचा आहे. धातूवर नुसती तपकिरी-सोनेरी झाक असेल तर ते व्हार्निश, त्याने सहसा काही बिघडत नाही आणि त्यासाठी बाटली आणायची गरज नाही. मऊ गाळ हळूहळू ऑइलमध्ये विरघळतो. भीती त्या कोरड्या खपल्यांची.

त्याचं कारण ऑइलच्या वाटेत आहे. वर सुटलेला कचरा परतीच्या भोकांतून खाली चेंबरमध्ये पडतो. तिथून ऑइल आधी जाळीतून ओढलं जातं, मग पंप, मग फिल्टर, मग मुख्य वाहिनी, बेअरिंग आणि शेवटी पुन्हा वर हेडमध्ये. म्हणजे सुटलेल्या खपलीची पहिली गाठ फिल्टरशी पडतच नाही, पडते ती पंपाआधीच्या जाळीशी. जाळी चोंदली की पंपालाच ऑइल मिळत नाही आणि मग फिल्टर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. बारीक कण जाळीतून सुटून फिल्टरपर्यंत गेले आणि फिल्टर गच्च झाला, तर त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल सरळ बेअरिंगकडे जातं. व्हॉल्व्हचं ते कामच आहे, कारण ऑइल अजिबात न मिळण्यापेक्षा घाण ऑइल परवडलं.

गाळ हाताने काढला. परतीच्या सगळ्या भोकांमध्ये आधी कापडाचे बोळे बसवले आणि ते मोजून वहीत लिहिले, सहा. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं आणि दुसऱ्या हाताने व्हॅक्यूमची बारीक नळी तिथेच धरायची. धातूची पट्टी वापरू नका, ॲल्युमिनियमवर लगेच ओरखडे येतात. कव्हर बाहेर काढून रॉकेलमध्ये धुतलं. पूर्ण दुपार गेली. शेवटी बोळे परत मोजले, सहा.

क्रँककेस ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवून पाहिला तर आवाजच येईना, पूर्ण जाम. माझ्या मते या गाळाचं निम्मं मूळ इथेच आहे. पिस्टनच्या बाजूने खाली झिरपणारा वायू आणि वाफ बाहेर पडायला वाट नसेल, आणि गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालत असेल, तर ऑइल नीट तापत नाही, पाणी उडून जात नाही आणि सगळं मिळून चिखल होतो. असा व्हॉल्व्ह जागेवर ठेवून फ्लश मारला तरी वर्षभरात गाळ परत येणार.

बरणीतला प्रयोग

काढलेल्या खपल्यांचे साधारण सारखे तीन तुकडे तीन काचेच्या बरण्यांत टाकले. एकीत फ्लश (यासाठी छोटी वेगळी बाटली आणली, मोठी फोडली नाही), दुसरीत रॉकेल, तिसरीत नवं ऑइल. १५ मिनिटांनी फ्लशच्या बरणीत तुकड्याभोवती चहूबाजूंनी तपकिरी रंग उतरला होता, तुकडा मात्र जागेवरच. बरणी हलवली आणि तो फुटून बाजरीच्या दाण्याएवढे आठ-दहा कण झाले. दुसऱ्या दिवशीही ते कण तळाला तसेच होते. रॉकेलमध्ये जवळपास तेच, थोडं हळू. नव्या ऑइलमध्ये दिवसभरात काहीच झालं नाही.

इंजिनात ऑइल गरम असतं, सतत फिरत असतं, त्यामुळे बरणीवरून सगळं ठरवता येत नाही. पण मला हवं होतं ते उत्तर मिळालं. फ्लश गाळाला धरून ठेवणारा चिकटा सोडवतो, आतला कार्बन विरघळवत नाही. दहा मिनिटांत हे कण सुटणार आणि जाळीकडे जाणार. रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन धुण्याचा जुना उपाय मी तर कधीच करणार नाही. वंगण पातळ होतं आणि बेअरिंगवरची ऑइलची फिल्म टिकत नाही. फ्लश आत असताना रेस द्यायची नाही, गाडी चालवायची नाही, असं सांगतात तेही याच कारणासाठी.

१,४८,२६० किमी, पुढचा शनिवार

चेंबर उतरवायच्या आधी ऑइल प्रेशरच्या सेन्सरच्या जागी काट्याचा गेज लावून आकडे घेतले. इंजिन पूर्ण गरम, आयडलला ०.६ बार, ३,००० आरपीएमला २.१. या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये आयडलला किमान ०.८ दिलंय. आतून बेअरिंग गेले असतील या विचाराने रात्री झोप लागली नाही.

चेंबर खाली आलं. जाळीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काळ्या कणांनी बंद. त्यातच वाळलेल्या सीलंटचा दोऱ्यासारखा तुकडा. आधी कोणीतरी चेंबर बसवताना सीलंट हात सैल सोडून लावलं होतं आणि आत दाबलेलं जास्तीचं सुटून इथे आलं होतं. जाळीची नळी जिथे पंपाला लागते तिथली ओ-रिंग कडक, नखाने दाबली तर खूणही उमटेना. अशा रिंगमधून पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि प्रेशर पडतं. खालून क्रँकशाफ्टची एक मेन आणि कनेक्टिंग रॉडची एक बिग-एंड कॅप खोलून बेअरिंग पाहिले. करडे, एकसारखे, ओरखडा नाही. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

जाळी धुतली, ओ-रिंग नवी, पीसीव्ही नवा, सीलंटची बारीक रेघ. इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्यूल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टरने नुसतं फिरवलं, गेजचा काटा उठल्यावरच फ्यूज लावून स्टार्ट केलं. गरम झाल्यावर आयडलला १.१ बार, ३,००० ला ३.२. ऑइल टाकलं साधं चांगलं १०डब्ल्यू-४० ग्रेडचं.

एक मोजमाप इथे नोंदवतो. कोरड्या चेंबरमध्ये ३.९ लिटर ऑइल बसलं. नेहमीच्या बदलात, ड्रेन बोल्ट आणि फिल्टर काढून, ३.४ बसतं. म्हणजे जवळपास अर्धा लिटर वाहिन्यांमध्ये आणि कोपऱ्यांत राहतंच. फ्लश वापरला असता तर त्याने पातळ केलेलं हे अर्धा लिटर नव्या ऑइलमध्ये मिसळलं असतं. फ्लशनंतरचं पहिलं ऑइल लवकर बदला, हा सल्ला यासाठीच.

१,४८,७६० किमी

५०० किमीवर ऑइल आणि फिल्टर बदलला. फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या. काळी बारीक रेती, प्रत्येक घडीत. चुंबक फिरवलं, काही चिकटलं नाही, म्हणजे लोखंड नाही. बाहेर पडलेल्या ऑइलचा रंग शाईसारखा. चांगल्या ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट असतातच. पहिले घाण सोडवतात, दुसरे ती बारीक कणांत तरंगत ठेवतात. नवं ऑइल लवकर काळं पडलं म्हणून ते खराब, असं नाही. ते काम करतंय.

१,५०,२६० किमी

फिल्टरमधले कण निम्म्याने कमी. टकटक ८ सेकंद.

१,५१,१०० किमी

क्रँकच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या सीलमधून थेंब पडू लागले, रात्रीत नाण्याएवढा डाग. फ्लश न वापरताही. त्यामुळे ‘फ्लशने सील खराब होतात’ हे सरसकट म्हणणं मला पटत नाही. रबर वयाने कडक झालेलं होतं आणि गाळाने ती फट बुजवून ठेवली होती. फट कधीतरी उघडी पडणारच होती. फ्लशने ती एका दिवसात पडते, ऑइलने काही महिन्यांत, आणि तेवढ्यात सील मागवायला वेळ मिळतो.

१,५२,२६० किमी

टॅपेट कव्हर पुन्हा उघडलं. हाताने न पोहोचलेल्या कॅमखालच्या कोपऱ्यात गाळ राहिला होता, तो आता पातळ आणि ओला, कापडाने पुसला जातो. कोरडी खपली एकही नाही. सहा महिन्यांतला हा माझा सगळ्यात आनंदाचा क्षण. फिल्टरच्या घड्या एकसारख्या तपकिरी. टकटक ३ सेकंद, तीही फक्त थंड सकाळी.

मग बाटलीचं काय

इतक्या खटपटीनंतर मी फ्लशच्या सरसकट विरोधात नाही. ऑइल वेळेवर बदलल्याचा इतिहास माहीत आहे, झाकणाखाली गाळ नाही, आणि एखादा लिफ्टर किंवा पिस्टनची रिंग चिकटल्याची शंका आहे, तिथे बाटलीचा उपयोग होऊ शकतो. जाळी नुकतीच साफ केली असेल तर आणखी बरं. टर्बो असेल तर मात्र जपून, काही इंजिनांत टर्बोच्या ऑइल नळीच्या बोल्टमध्येच बारीक जाळी असते. टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडून चालतो अशा इंजिनात फ्लशचं नावही काढू नये. त्या रबराला चुकीच्या रसायनाचा त्रास होतो आणि सुटलेले बेल्टचे तुकडे पुन्हा त्याच जाळीत जातात.

ज्या गाडीचा इतिहास माहीत नाही आणि झाकणाखाली कोरडी खपली आहे, तिच्यात मी बाटली ओतणार नाही. दुर्दैवाने फ्लशचा मोह सगळ्यात जास्त होतो तो अशाच गाडीत.

एक गोष्ट यातल्या कशानेच सुधारली नाही. ऑइल खाणं. आधी १,००० किमीला ३५० मिलिलिटर, आता ३००. सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल पुसून खाली आणणाऱ्या पिस्टनवरच्या ऑइल कंट्रोल रिंगची परतीची भोकं कार्बनने बुजली असावीत. तिथलं तापमान खूप असतं, तो कार्बन भाजून घट्ट झालेला असतो. दहा मिनिटांच्या आयडलिंगमध्ये फ्लश तिथे काही करू शकेल असं वाटत नाही.

१,५४,४०० किमी

सील आलंय. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर क्लच प्लेटही बघून घेतो. त्यानंतर प्लग काढून पिस्टनवर कार्बन सोडवणारं रसायन रात्रभर मुरवून बघणार. चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन आज मोजून ठेवलं : ११.५, ११.४, १०.२, ११.५ बार. तीन नंबरवर लक्ष आहे.