रीड-ओन्ली फाईल डिलीट झालीच कशी?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या टॉवेल कारखान्यात जॅकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागाची) डिझाईनं एका लिनक्स मशीनवर शेअर्ड फोल्डरमध्ये असतात. परवा त्यातली एक फाईल गायब, आणि परमिशन होती ६४४, म्हणजे फाईलचा मालक (ज्याच्या नावावर ती आहे तो) सोडून कुणाला लिहिताच येत नाही, मग उडवली कशी कुणी? दोन तास डोकं धरून बसलो राव.

तर डिलीट करायला फाईलची राइट परमिशन लागतच नाही, फोल्डरची लागते, कारण फाईलचं नाव फोल्डरमध्ये नोंदलेलं असतं आणि डिलीट म्हणजे ती नोंद खोडणं. आमचा फोल्डर ७७५, म्हणजे मालकाबरोबर त्याच्या ग्रुपलाही लिहिता येतं, आणि सगळे एकाच ग्रुपमध्ये, मग काय. शेजारचा पोरगा म्हणाला ७७७ मारा, मी त्याचा हातच धरला, त्यानं तर अख्ख्या मशीनवरच्या कुणालाही डिलीट करता आलं असतं. मग फोल्डरला स्टिकी बिट ही डिलीटवर बंधन घालणारी खूण लावली, आता फाईलचा मालक, फोल्डरचा मालक नाहीतर रूट (मशीनचा अ‍ॅडमिन), एवढेच डिलीट करू शकतात.

नव्या फाईली दुसऱ्याला एडिट होत नव्हत्या ते उमास्क ०२२ मुळं (नव्या फाईलीतून कुठल्या परमिशन काढायच्या ते ठरवणारी सेटिंग, ०२२ ग्रुपची राइट काढतो), तो ००२ केला, फोल्डरला सेटजीआयडी लावला, म्हणजे आत बनणाऱ्या नव्या फाईलीला फोल्डरचाच ग्रुप मिळतो. तरी एक फाईल अडलीच! ती एमव्हीनं (फाईल हलवायची कमांड) आणलेली, एकाच डिस्कवर हलवली की जुना ग्रुप तसाच राहतो, सीपीनं कॉपी केली तेव्हा ग्रुप बरोबर आला.