वणवा लावणारं विद्यापीठ

टेकडीच्या माथ्यावरून खाली बघताना सगळ्यात आधी ती सीमा नजरेत भरते. एका अंगाला जूनमधलं गुडघाभर हिरवं गवत, दुसऱ्या अंगाला झुडपं आणि काळपट रेड सीडर हे सूचिपर्णी झाड. मध्ये फक्त गवत कापून ठेवलेली जाळरेषा. पाऊस तोच, खडक तोच. फरक एवढाच की अलीकडे दरवर्षी आग लावतात आणि पलीकडे वीस वर्षांतून एकदा.

ही कोन्झा प्रेअरी, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात मॅनहॅटन गावाजवळ (हो, मॅनहॅटन इथेही आहे). कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीचं हे संशोधन केंद्र 1971 पासून चालू आहे आणि त्याचा पसारा साधारण 3,500 हेक्टरचा आहे. चुनखडीत गारगोटीचे थर, त्यामुळे इथे नांगर चालला नाही आणि उंच गवताचं माळरान वाचलं. पाऊस वर्षाला सुमारे 835 मिलिमीटर, म्हणजे झाडं वाढायला पुरेसा. ती वाढत नाहीत ती आगीमुळे.

सगळं क्षेत्र छोट्या पाणलोटांत वाटलेलं आहे आणि प्रत्येकाच्या नावातच त्याचं वेळापत्रक असतं. ‘एन4डी’ म्हणजे बायसन (अमेरिकेतले गव्यासारखे रानबैल) चरतात, चार वर्षांनी जाळतात, आणि ‘डी’ ही त्याच प्रयोगाची आणखी एक प्रत. हे कळल्यावर नकाशा वाचायला मजा येते.

आग मुख्यतः वसंतात लावतात. गवताचे कोंब तेव्हा जमिनीखाली सुरक्षित असतात. वरचं वाळकं छप्पर जळलं की काळी जमीन लवकर तापते आणि गवत जोमाने उठतं. पद्धत अशी: वारा ज्या दिशेला वाहतोय त्या टोकाच्या जाळरेषेवर आधी पाणी मारायचं आणि तिथून वाऱ्याविरुद्ध आग सोडायची. ती हळूहळू मागे सरकते. काळा पट्टा पुरेसा रुंद झाला की दोन्ही बाजू पेटवत यायच्या आणि वाऱ्याच्या उगमाकडची कड सगळ्यात शेवटी. ती आग धावत येते आणि काळ्या पट्ट्याशी येऊन विझते. घाई करून पट्टा अरुंद ठेवला तर ठिणग्या पलीकडे जातात. सीडर भडकला तर अजूनच लांब. वारा अगदीच पडलेला असला तर तेही नको, कारण मग आग कुठे वळेल सांगता येत नाही आणि धूर खोलगट भागात साचून राहतो.

सीडर आगीत मरतो, कारण तो बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. डॉगवुडचं झुडूप मात्र मुळांतून परत येतं. एकदा त्याची जाळी दाट झाली की खाली गवतच उरत नाही, मग जळायला काही नसतं आणि आग कडेवरच थांबते. नंतर दरवर्षी जाळूनही मूळचं माळरान सहज परत येत नाही. टेकडीवरून दिसणाऱ्या त्या झाडीचं खरं दुखणं हेच.

(हे वाचून सह्याद्रीत कोणी काडी लावू नये. तिथले उतार आणि चार महिन्यांचा धुवाधार पाऊस बघता उघडी पडलेली माती टिकत नाही.)

1987 मध्ये इथे बायसन परत आणले. ते मुख्यतः गवत खातात, फुलझाडांना जागा मिळते; चराईच्या भागात देशी वनस्पतींच्या जाती जवळपास दुप्पट झाल्याचं दीर्घ नोंदींतून दिसलं. पण पायी येणाऱ्याला त्यांच्या कुंपणात प्रवेश नाही. नशीब असेल तर लांबवर तपकिरी ठिपके दिसतात. दुर्बीण न नेणं हा शुद्ध गाढवपणा, आणि माझ्याकडून तो झाला.

सगळ्यांत छोटी वाट अडीच मैलांची. कुत्रं चालत नाही. गारगोटीच्या चुऱ्यावर पाय घसरतो, तेव्हा खाचांचा तळ असलेले बूट हवेत. उन्हाळ्यात पँट मोज्यांत खोचा, वाट सोडू नका, परतल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेशी गोचीड शोधा. सप्टेंबरमध्ये ओलसर सखल भागात बिग ब्लूस्टेम हे उंच गवत डोक्यावर जातं. तेव्हा आल्यास सीमा बघायला माथ्यापर्यंत चढावंच लागेल.